मेलेला कावळा कोणत्या खात्याचा?

२०२५ च्या जानेवारीत, संक्रांतीच्या आसपास, उदगीर शहरात कावळे मरून पडू लागले. काही दिवसांत आकडा पन्नासच्या वर गेला. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे गेले आणि निदान आले: बर्ड फ्लू, एच५एन१. शहराभोवतीचा दहा किलोमीटरचा परिसर सतर्कता क्षेत्र म्हणून जाहीर झाला.

दहाव्याच्या पिंडाला कावळा शिवावा म्हणून नदीकाठी हात जोडून ताटकळणारी आपण माणसे. तो शिवला नाही तर गेलेल्याची कोणती इच्छा मागे राहिली, याचा घरादारात शोध सुरू होतो. पण कावळाच मरून पडला तर ते कुणाला कळवायचे? नगरपालिकेला कळवले तर तो घाणीचा विषय होतो. वनखात्याच्या लेखी तो पक्षी आहे, पशुसंवर्धन खात्याच्या लेखी तो पाळीव नाही आणि आरोग्य खात्याच्या लेखी तो रुग्णच नाही. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, हे त्या शहराचे भाग्य. हेच कावळे किनवट, सेनगाव किंवा भूमला पडले असते, तर ते कोणत्या नोंदवहीत चढले असते?

हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण माणूस, जनावर आणि भोवतालचा निसर्ग यांच्या आरोग्याचा एकत्र विचार करायचा, असे देशाने आता धोरण म्हणून ठरवले आहे. पंतप्रधानांच्या विज्ञान-तंत्रज्ञान सल्लागार परिषदेने २०२२ मध्ये राष्ट्रीय ‘वन हेल्थ’ अभियानाला मान्यता दिली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नागपुरात राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी झाली. आरोग्य, पशुसंवर्धन, पर्यावरण, शेती, संरक्षण अशी डझनभरापेक्षा जास्त खाती या अभियानात आहेत. एप्रिल २०२३ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने १,२२८.७० कोटी रुपयांचा पशुआरोग्य बळकटीकरणाचा प्रकल्प जाहीर झाला. त्यासाठी निवडलेल्या पाच राज्यांत महाराष्ट्र आहे. दिशा योग्य आहे यात मला शंका नाही. माणसाला होणाऱ्या ज्ञात संसर्गजन्य रोगांपैकी सुमारे साठ टक्के रोगांचे मूळ प्राण्यांत आहे आणि नव्याने उद्भवणाऱ्या रोगांत हे प्रमाण पंचाहत्तर टक्क्यांच्या घरात जाते. एकत्र विचार आधीच सुरू व्हायला हवा होता.

माझी तक्रार वेगळी आहे. हे सगळे नियोजन प्रयोगशाळेपासून सुरू होते आणि जिल्ह्याच्या ठिकाणी येईपर्यंत त्याचा दम संपतो. आमच्या मराठवाड्यात रोगाची पहिली बातमी गोठ्यात, उकिरड्यावर, पाणवठ्यावर कळते. ती तिथून पुढे नेणारी वाटच बांधलेली नाही.

आमच्या घरातलीच गोष्ट सांगतो. माझे चुलते, तात्या, अहमदपूर तालुक्यातल्या आमच्या गावी शेती करायचे. गोठ्यात दोन देवणी गाई, बैलजोडी, चार शेळ्या. एका उन्हाळ्यात त्यातली एक गाय सातव्या महिन्यात गाभडली, म्हणजे तिचा गर्भ पडला. जार (वार) अडकला होता. तात्यांनी तो हात घालून काढला, उघड्या हाताने, आयुष्यभर काढत आले होते तसाच. मेलेले वासरू उकिरड्यामागे पुरले, हात राखेने धुतले आणि कामाला लागले. महिनाभराने त्यांना ताप सुरू झाला. संध्याकाळी चढायचा, रात्री घामाने धोतर-बंडी भिजायची, सकाळी उतरायचा. चार दिवस बरे वाटायचे, पुन्हा तेच. कंबर धरली, गुडघे धरले.

गावच्या डॉक्टरांनी टायफॉइडवर औषध दिले. तालुक्याला मलेरियाच्या गोळ्या झाल्या. मोठ्या शहरातल्या एका दवाखान्यात क्षयाचा संशय आला, छातीचे फोटो निघाले, पाठीच्या मणक्याचेही निघाले. सात महिने गेले. बैलजोडी विकली गेली ती याच सात महिन्यांत. शेवटी एका तरुण डॉक्टरने कागदपत्रे बाजूला ठेवली आणि विचारले, “तात्या, घरी जनावरं आहेत का? यंदा एखादी गाय गाभडली होती का?”

तात्या म्हणाले, “गाभडली की. पर तिचा अन् माझ्या तापाचा काय संबंध, साहेब?”

संबंध ब्रुसेलोसिसचा होता. जनावरांत याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. गाभडलेल्या गाईच्या जारात, स्रावात आणि दुधात याचे जंतू असतात. उघड्या हातावरच्या जखमेतून किंवा न तापवलेल्या दुधातून ते माणसात येतात. तपासणी अवघड नाही. रोझ बेंगॉल नावाची साधी चाचणी आहे. काचेवर रक्तजलाचा थेंब आणि गुलाबी द्रवाचा थेंब मिसळायचा, चार मिनिटांत गुठळ्या दिसल्या तर संशय पक्का. हीच चाचणी गाईला चालते आणि माणसालाही चालते. दोन प्रतिजैविके सहा आठवडे घेऊन तात्यांचा ताप गेला. कंबर मात्र पुन्हा पूर्ववत झाली नाही.

या गोष्टीत माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागते ते पुढचे. गाय गाभडली तेव्हा पशुवैद्यकीय दवाखान्याचा माणूस गोठ्यात येऊन गेला होता. त्याने त्याच्या नोंदवहीत ‘गर्भपात’ असे लिहिलेही होते. तात्यांचा ताप प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत होता. दोन्ही दवाखाने जिल्हा परिषदेचेच. एका घरातल्या दोन आजारांची नोंद एकाच संस्थेच्या दोन वह्यांत झाली आणि त्या वह्या एकमेकींना कधी भेटल्या नाहीत. कुणी कामात कुचराई केली, असे मी म्हणणार नाही. गाभडलेल्या गाईची खबर माणसांच्या डॉक्टरला देणे हे कुणाचे कामच ठरवलेले नव्हते.

लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस यांच्यासाठी केंद्राने २०१९ मध्ये १३,३४३ कोटी रुपयांचा राष्ट्रीय कार्यक्रम आणला. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना एकदा लस टोचायची आणि कानात बारा आकडी क्रमांकाचा पिवळा बिल्ला मारायचा, अशी त्यात तरतूद आहे. कार्यक्रम चांगलाच आहे. पण गाय गाभडलेल्या घरातल्या माणसांचे रक्त तपासण्याची साखळी या बिल्ल्याला जोडलेली नाही. गाईला क्रमांक मिळाला आहे, घरातल्या माणसांकडे आधार क्रमांक आहे, आणि तरीही गाय आणि तिला पान्हवणारी बाई सरकारच्या लेखी एकमेकींच्या अनोळखी आहेत. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२, हे दोन्ही नंबर गावात पाठ झालेत. एका फोनवर आलेली खबर दुसरीकडे पोचावी एवढे तरी आता जमायला हवे.

ही वाट नसली की काय होते, ते मराठवाड्याने देशाला तीस वर्षांपूर्वीच दाखवले आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. पुढे महिनोन्महिने धक्क्यांच्या भीतीने दूरदूरची माणसेही घराबाहेर, तात्पुरत्या निवाऱ्यात झोपत होती. तडे गेलेल्या घरांत धान्याच्या कणगी तशाच राहिल्या. माणूस नाही, मांजर नाही, धान्य मात्र भरपूर. उंदीर वाढले. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात पिसवांचा सुळसुळाट झाल्याची तक्रार झाली, उंदीर पडले आणि पाठोपाठ माणसांच्या जांघेत-काखेत गाठी उठू लागल्या. गाठीचा प्लेग. देशात १९६६ नंतर प्लेगची नोंद नव्हती. सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग उफाळला, पन्नासच्या वर माणसे दगावली, लाखो लोक शहर सोडून पळाले आणि परदेशांनी भारताची विमाने अडवली.

भूकंप, ओस घरे, धान्य, उंदीर, पिसवा आणि माणूस असा या साथीचा उलगडा अभ्यासकांनी केला आहे. ‘उंदीर पडले की गाव सोडावे’ हे आमच्या आज्यांना ठाऊक होते. १८९६ नंतरच्या प्लेगात माणसे माळावर झोपड्या टाकून राहिली, ती याच शहाणपणामुळे. भूकंपाचे पुनर्वसन आखणाऱ्यांत बांधकामाचे अभियंते होते, महसूल होता, परदेशी मदतसंस्थाही होत्या. मोकळ्या घरातल्या धान्याचे आणि उंदरांचे काय होईल, हे विचारणारा कुणी त्या टेबलावर हवा होता. पर्यावरण म्हणजे वाघ आणि जंगल, अशी समजूत करून घेतली की कणगीतला उंदीर नजरेतून सुटतो.

गिधाडांची गोष्ट तर याहून कडू आहे. माझ्या लहानपणी गावाबाहेरच्या माळावर मेलेले ढोर टाकले की तासाभरात आभाळ काळे व्हायचे आणि संध्याकाळपर्यंत हाडे उरायची. आता आमच्या भागात गिधाड पाहिलेले पोर सापडणार नाही. लंगड्या बैलाला, कासदाहाच्या गाईला डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचे स्वस्त इंजेक्शन सर्रास दिले जाऊ लागले. त्या औषधाचा अंश मेलेल्या जनावराच्या मांसात राहतो आणि तो खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात. २००४ मध्ये कारण उमगले, २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडे नव्याण्णव टक्क्यांहून अधिक संपली होती. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात राहिल्या म्हणून २०१५ मध्ये त्यांचा आकार तीन मिलिलिटरवर आणावा लागला. केटोप्रोफेन आणि असेक्लोफिनॅक ही गिधाडांना तशीच घातक औषधे जनावरांसाठी बंद व्हायला २०२३ उजाडले.

मेलेली ढोरे मात्र थांबली नाहीत. त्यांच्यावर कुत्री पोसली जाऊ लागली. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. गिधाडे गेल्यामुळे सडके मांस, दूषित पाणी आणि कुत्री वाढून २००० ते २००५ या पाच वर्षांत भारतात सुमारे पाच लाख जादा माणसे दगावली, असा त्यांचा अंदाज आहे. बैलाच्या पायदुखीवरच्या औषधाचा हिशेब इथपर्यंत पोचला.

यात आमच्या गावांनी स्वतःचाही एक हिशेब मांडायला हवा. मेलेले जनावर ओढून नेण्याचे, कातडे सोलण्याचे काम गावाने एका समाजावर जन्माने लादले होते. बाबासाहेबांच्या हाकेनंतर त्या समाजाने ते झुगारून दिले आणि अगदी योग्य केले. गावाने मात्र त्यानंतर दुसरी काहीच व्यवस्था उभारली नाही. गिधाडे होती तोवर ते झाकले गेले. आज ग्रामपंचायतीच्या आराखड्यात रस्ता असतो, सभामंडप असतो, स्मशानभूमीचे शेड असते. मेलेल्या जनावरासाठी कुंपणाचा खड्डा, चुना आणि पगारी, हातमोजे-बुटांसह काम करणारा माणूस यांच्यासाठी किती ग्रामपंचायतींनी पैसा ठेवला आहे? कुत्र्यापासून होणारा रेबीज २०३० पर्यंत संपवायचा, असा राष्ट्रीय कृती आराखडा २८ सप्टेंबर २०२१ रोजी आरोग्य आणि पशुसंवर्धन या दोन्ही खात्यांनी मिळून जाहीर केला. त्यासाठी गावातल्या किमान सत्तर टक्के कुत्र्यांना लस टोचावी लागते. चावलेल्या माणसाची सुई आरोग्य केंद्रात मिळते. पण कुत्र्याला टोचणारा कोण, आणि ते कुत्रे ज्या मढ्यावर पोसते त्या मढ्याचा वाली कोण? रेबीजची लक्षणे सुरू झालेला माणूस वाचत नाही, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. म्हणून या प्रश्नांची उत्तरे पुढच्या ग्रामसभेत मागितली पाहिजेत.

दुष्काळ आणि पूर हे तर आमचे नेहमीचे पाहुणे झालेत. २०१९ च्या उन्हाळ्यात बीड जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या होत्या. मी गेलो होतो त्या छावणीत हजारभर जनावरे होती आणि त्यांच्याबरोबर त्यांची माणसेही होती. म्हातारी माणसे बाजेवर, पोरे बैलांच्या पायांत, शेणाचे ढीग, माश्या, आणि जनावरांच्या हौदाला आणि माणसांच्या हंड्याला एकाच टँकरचे पाणी. जनावरांना लसी टोचल्या होत्या, चाऱ्याचा हिशेब रोज होत होता. लेकरांच्या हगवणीची वही मात्र कुणाकडेच नव्हती. छावणी ही पशुसंवर्धनाची आणि महसुलाची, त्यामुळे आरोग्य सेविकेला तिथे जाण्याचा आदेशच नाही, असे तिथल्या एका ताईने मला सांगितले. ती स्वतःहून येऊन जात होती.

उलटीकडून २०२५ चा सप्टेंबर घ्या. बीड, धाराशिव, लातूर जिल्ह्यांत दावणीला बांधलेली गुरे पाण्यात गेली. पूर ओसरल्यावर विहिरींत, ओढ्यांच्या काठाला फुगलेली ढोरे राहिली. मदत मिळायची तर पंचनामा आणि शवविच्छेदनाचा दाखला लागतो. तलाठी आणि पशुवैद्यक येईपर्यंत मेलेले जनावर पुरता येत नाही, कारण पुरले तर पुरावा गेला. ज्याची गाय गेली त्याने ती सडत ठेवायची आणि त्याच ओढ्याचे पाणी गावाने प्यायचे, असा या दोन नियमांचा मिळून अर्थ होतो. जनावरांतले घटसर्प आणि फऱ्या, उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस हे पुरानंतर येणारे रोग आहेत आणि काळपुळीचे (अँथ्रॅक्सचे) बीजाणू तर मातीत वर्षानुवर्षे टिकतात. सरपंच, आशाताई आणि शाळेचे मुख्याध्यापक यांच्या सहीचा मोबाईलवरचा फोटो पंचनामा म्हणून ग्राह्य धरून चोवीस तासांत दफन, एवढा एक बदल मंत्रालयातून होऊ शकतो. त्याला ना नवी प्रयोगशाळा लागते, ना निधी लागतो.

ऊसतोडीचे काय? बीड, जालना, परभणीतून दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे बैलगाड्या, बैल आणि लेकराबाळांसह कारखान्यांच्या वाटेला लागतात. पाच-सहा महिने माणूस आणि बैल यांच्यात कोपीचे, म्हणजे उसाच्या पाल्याच्या झोपडीचे, एक पाचट असते. गोचीड दोघांना चावते, डासही दोघांना चावतो. २०२२ मध्ये लम्पी हा गुरांचा त्वचारोग आला तेव्हा गुरांचे बाजार बंद झाले आणि हंगामाच्या तोंडावर ज्यांचा बैल मेला त्यांच्या उचलीचे, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांचे, काय हा प्रश्न उभा राहिला. लम्पी माणसाला होत नाही. माणसाच्या जिवाला मात्र तो लागलाच. दूध आटले, कर्ज चढले, पोरीची शाळा सुटली. राज्य सरकारने दुभत्या गाईला ३०,००० रुपये, ओढकाम करणाऱ्या बैलाला २५,००० आणि वासराला १६,००० अशी भरपाई दिली, ती मोठीच मदत होती. पण माणसाला लागण होत नाही म्हणजे आरोग्य खात्याचा त्याच्याशी संबंध नाही, हे मला पटत नाही. घरातले दूध आटले की अंगणवाडीच्या वजनकाट्यावर ते दिसते.

दर हंगामाला कारखान्यांना साखर आयुक्तालयाकडून गाळप परवाना घ्यावा लागतो. तोडणी कामगारांच्या वस्तीवर हंगामाच्या पहिल्या पंधरवड्यात माणसांची आणि बैलांची तपासणी एकाच मांडवात, डॉक्टर आणि पशुवैद्यक शेजारी-शेजारी बसून, ही त्या परवान्याची अट करता येईल. राष्ट्रीय आराखडा तोडणी कामगारांच्या तळापर्यंत आणायचा तर तो अशाच एखाद्या कागदाला बांधून आणावा लागेल.

यावर दोन आक्षेप घेतले जातात, आणि दोन्ही खरे आहेत.

पहिला आक्षेप पशुवैद्यक मित्रांचा. ते म्हणतात, आधी रिकाम्या जागा भरा, मग समन्वयाचे बोला. एका दवाखान्याच्या हाताखाली पंधरा-वीस गावे, शीतपेटीत लस, मोटारसायकलवर फिरायचे, वर आणखी एक समिती आणि आणखी एक ऑनलाइन तक्ता. त्यांचे म्हणणे शंभर टक्के मान्य. म्हणूनच मी नवी समिती मागत नाही. आरोग्य केंद्राच्या केसपेपरवर एक ओळ मागतो: ‘घरी जनावरे आहेत का? अलीकडे आजारी, मेलेले, गाभडलेले?’ आणि पशुवैद्यकीय नोंदवहीतून चार घटना आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवण्याचे बंधन मागतो: गर्भपात, अचानक मृत्यू, पिसाळलेले जनावर, पक्ष्यांची मरतूक. गावात आशाताई आहे, ‘उमेद’च्या महिला बचत गटांतून तयार झालेली, जनावरांची प्राथमिक काळजी घेणारी पशुसखी आहे. या दोघी बहुधा एकाच गल्लीत राहतात. त्यांची महिन्यातून एक एकत्र बैठक आणि त्या बैठकीचे मानधन. रिकाम्या जागा भरण्याला हा पर्याय नव्हे, त्या तर भरल्याच पाहिजेत.

दुसरा आक्षेप शेतकऱ्याचा, आणि तो अधिक गंभीर आहे. परभणीजवळच्या मुरुंबा गावात जानेवारी २०२१ मध्ये शेकडो कोंबड्या मेल्या आणि बर्ड फ्लूचे निदान झाले. मग आसपासच्या सगळ्या कोंबड्या मारून पुरल्या गेल्या. खबर देणाऱ्याच्या नशिबी काय आले? रिकामे खुराडे, गावाचा रोष आणि भरपाईची वाट. २०२० च्या सुरुवातीला तर कोंबडीतून कोरोना होतो या निव्वळ अफवेने भाव कोसळले आणि कुक्कुटपालक देशोधडीला लागले. अशा माणसाला आपण सांगणार, की बाबा, पहिली कोंबडी मेली की लगेच कळव. तो का कळवेल? तो रातोरात उरलेल्या कोंबड्या बाजारात काढेल. त्याच्या जागी मी असतो तर मीही कदाचित तेच केले असते. भरपाई दिवसांत मिळाली पाहिजे, महिन्यांत नव्हे. ती बाजारभावाच्या जवळ असली पाहिजे. घरामागे दहा कोंबड्या पाळणाऱ्या विधवेला ती मोठ्या फार्मवाल्याइतक्याच सहज मिळाली पाहिजे. ही रक्कम पशुसंवर्धनाच्या खर्चात दाखवतात. मला ती माणसांच्या आरोग्यावरचा खर्च वाटते, कारण त्या खबरीने वाचतो तो सगळा गाव.

नागपूरची संस्था उभी राहील, अतिसुरक्षित प्रयोगशाळांचे जाळे विणले जाईल, त्याचे स्वागतच आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये राजस्थानात अजमेरला साथीला तोंड देण्याची ‘विषाणू युद्ध अभ्यास’ नावाची संयुक्त सरावफेरी झाली, तशी आपल्याकडेही व्हावी. पण आज उदगीरच्या कावळ्याचा नमुना भोपाळला जातो आणि त्याच्याजवळ वावरलेल्या माणसाला ताप आला तर त्याचा नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे जातो. दोन दिशांनी निघालेले हे दोन अहवाल पुन्हा एका टेबलावर कुठे येतात? माझ्या मते ते टेबल मराठवाड्यातच हवे आणि त्याची जागाही ठरल्यासारखी आहे. परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे आणि २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. जनावर, जमीन आणि माणूस या तिघांची विद्या शिकवणाऱ्या तीन संस्था एकाच शहरात आहेत. मुलांना आंतरवासितेत महिनाभर एकमेकांच्या दवाखान्यात पाठवायला काय हरकत आहे? डॉक्टर होणाऱ्या मुलीने एकदा तरी अडलेली गाय सोडवताना पाहावे. पशुवैद्यक होणाऱ्या मुलाने तापाच्या रुग्णाशेजारी बसून त्याच्या घरादाराची चौकशी करावी. ब्रुसेलोसिस, लेप्टोस्पायरोसिस, किड्याच्या चाव्यातून होणारा स्क्रब टायफस या रोगांच्या चाचण्या माणसांसाठी आणि जनावरांसाठी एकाच खोलीत होऊ शकतात. आठही जिल्ह्यांचे नमुने तिथे संध्याकाळपर्यंत पोचतील.

पैसा कुठून आणायचा, याचेही उत्तर आहे. प्रत्येक जिल्ह्याच्या वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण कामांसाठी निधी राखलेला असतो. जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत पालकमंत्री असतात, जिल्हाधिकारी असतात, मुख्य कार्यकारी अधिकारी असतात. जिल्हा शल्यचिकित्सक, पशुसंवर्धन उपायुक्त आणि उपवनसंरक्षकही तिथेच बसलेले असतात. तिघांनी मिळून एक प्रस्ताव ठेवायचा आहे. सुरुवात मोठी नको. एक तालुका घ्यावा, तिथल्या सगळ्या आरोग्य केंद्रांच्या आणि पशुवैद्यकीय दवाखान्यांच्या नोंदवह्या दर सोमवारी एकत्र वाचाव्यात आणि वर्षभरात काय सापडले ते लोकांपुढे ठेवावे. मुरुंबा ज्यात येते तो परभणी तालुका मला त्यासाठी सगळ्यात योग्य वाटतो. तिथल्या माणसांनी खबर देण्याची किंमत मोजलेली आहे, त्यांना आधी विचारावे.